वाचणारा आणि सांगणारा

‘मोठ्याने वाचलेले वाङ्मय’ हा विषय संपादकांनी सुचविला, तेव्हा पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांतून अलीकडे वारंवार होऊ लागलेले अभिवाचनाचे कार्यक्रमच प्रथम डोळ्यांपुढे उभे राहिले. काळा पडदा, चार खुर्च्या, चार ध्वनिक्षेपक आणि हातात संहिता घेतलेले चार नट. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून, देवळे, शाळा, नाट्यगृहे आणि तालमीच्या खोल्या पाहत हिंडल्यावर हे चित्र किती अपुरे होते, याची खात्री पटली. कृष्णाकाठच्या आणि माणदेशच्या या मुलखात ग्रंथ ही एकट्याने, ओठ मिटून वाचण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच फार उशिरा आली. ग्रंथ एकाने वाचावा, दुसऱ्याने तो उलगडावा आणि गावाने तो ऐकावा, असा येथील जुना रिवाज; आणि आज ज्याला अभिवाचन म्हणतात ती कला म्हणजे त्या दोघांचे काम एकाच कंठाने करण्याचा प्रयत्न होय, अशी माझी आता धारणा झाली आहे.

श्रावणातील पोथी

माण तालुक्यातील एका लहान गावी, मारुतीच्या देवळात, श्रावण लागला की रात्रीच्या जेवणानंतर पोथी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरस्वामींनी रचलेले ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे तीन ग्रंथ या बाबतीत सर्व महाराष्ट्रात मान्यता पावलेले. मी या गावी गेलो त्या वर्षी ‘हरिविजय’ चालू होता. चौरंगावर पोथी, तिच्याभोवतीचे तांबडे बासन उलगडलेले, बाजूला समई. वर मात्र विजेचा पांढराशुभ्र दिवा आणि खांबाला बांधलेला कर्णा. वाचणारे गृहस्थ निवृत्त तलाठी. आयुष्यभर सातबाराचे उतारे आणि फेरफाराच्या नोंदी वाचण्यात गेल्यामुळे असेल, पण त्यांची दृष्टी अक्षरावरून क्षणभरही ढळत नसे. ओवी ते संथ, ठराविक चालीवर म्हणत. राजा बोलो, राक्षस बोलो अथवा गवळण बोलो, त्यांच्या स्वरात तिळमात्र फरक पडत नसे. ओवी संपली की ते थांबत, आणि त्यांच्या उजव्या हाताला बसलेला, खांद्यावर घोंगडी घेतलेला एक वृद्ध शेतकरी बोलू लागे.

हा सांगणारा. चौथीच्या पुढे शाळेत न गेलेल्या या माणसाने ओवीचा जो विस्तार केला, तो ऐकताना वाचिक अभिनयाचे शास्त्र ज्यांनी ग्रंथांतून अभ्यासिले आहे त्यांनीही मान डोलवावी, असा तो होता. रुक्मिणीस्वयंवराचा प्रसंग होता. भीष्मक राजाच्या घरातील कलह त्याने असा मांडला की, बापाच्या मनात एक आणि थोरल्या मुलाच्या मनात दुसरे, अशी सोयरीक ज्यांच्या घरी कधी काळी अडली असेल त्या सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. हट्टी रुक्मीसाठी त्याने आवाज चढविला नाही, उलट खाली आणला. दात धरून बोलणारा तो भाऊ त्यामुळे अधिकच भयंकर वाटला. पत्र घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची वाट तो सांगू लागला तेव्हा मध्ये कोणता ओढा लागला, कोठे सावलीला बसावे लागले, हे त्याने पदरचे घातले. हा विस्तार फार लांबतो आहे असे दिसताच तलाठ्यांनी काही एक न बोलता तीच ओवी पुन्हा म्हटली. सांगणाऱ्याने तो हुकूम मानला आणि तो मूळ कथेवर परतला. ग्रंथाचे इमान राखणारा एक आणि श्रोत्याचे मन राखणारा दुसरा, यांच्यातील हा बिनबोलाचा करार मला अतिशय हृद्य वाटला.

स्वयंवराच्या अध्यायाच्या दिवशी तांदळाला हळदकुंकू लावून अक्षता वाटल्या जातात, आणि नेमक्या ओवीला त्या पोथीवर पडतात. श्रोता येथे वऱ्हाडी होतो. ही मुभा त्याला कोणत्याही नाट्यगृहाने दिलेली नाही.

समाप्तीनंतर मी त्या वृद्धाला विचारले, की वाचणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकच माणूस का करीत नाही? तो म्हणाला, “वाचणाऱ्याचं डोळं पोथीत असत्यात, पावणं. माणसांकडं बघाया दुसरा नको का?”

दरबारातील सूत्रधार

या उत्तराच्या प्रकाशात सांगलीचा नाट्येतिहास पुन्हा पाहिला असता तो निराळाच दिसू लागतो. सांगली संस्थानचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ झाले. ते पाहून तशाच प्रकारचा, परंतु अधिक नेटका असा मराठी खेळ सिद्ध करावा, अशी आज्ञा श्रीमंतांनी विष्णु अमृत ऊर्फ विष्णुदास भावे या आपल्या पदरच्या तरुणास केली. आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग होऊन मराठी रंगभूमीचा ओनामा झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तो दिवस रंगभूमिदिन म्हणून साजरा होतो, आणि विष्णुदासांच्या नावाचे गौरवपदक त्या दिवशी सांगलीत एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीस अर्पण केले जाते. परंतु तो खेळ प्रत्यक्षात चालत कसा असे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

कथेचा सारा भार सूत्रधाराच्या पद्यावर असे. झांजा-मृदंगाच्या साथीवर तो पदे म्हणे, आणि त्या पदांत जे सांगितले त्याला अनुसरून पात्रे आपापली भाषणे स्वतःच्या शब्दांत, ऐनवेळी करीत. म्हणजे ओवी एकाची आणि अर्थ दुसऱ्याचा, हीच देवळातील व्यवस्था दरबारच्या बिछायतीवर आली. फरक एवढाच की सांगणाऱ्याला पोशाख, मुकुट आणि राक्षसाचे आरोळे मिळाले. विष्णुदासांनी पुढे आपली नाट्यकविता छापून प्रसिद्ध केली, तीत पदे आहेत. भाषणे कोणी लिहून ठेवलीच नव्हती, कारण ती प्रत्येक रात्री नवी होत. मराठी नाटकाचा जो अर्धा भाग बोलला गेला त्याचे दप्तर उपलब्ध नाही, आणि ही हानी मला अनेक हरवलेल्या हस्तलिखितांहून मोठी वाटते.

भाषण कागदावर आले ते पुढे. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ प्रसिद्ध झाले, आणि लिहिलेले शब्द जसेच्या तसे बोलणाऱ्या त्या नाटकांस लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. लिहिलेले वाक्य न लिहिल्यासारखे कसे बोलावे, हा प्रश्न तेव्हापासून मराठी वाणीच्या मागे लागला आहे. तो सोडविण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या त्या गावाने ‘शारदा’कार दिला हे सर्वज्ञात आहे; परंतु किर्लोस्कर नाटक मंडळीत नटांना तालमी देणारे देवल मास्तर ही त्यांची दुसरी ओळख अभिवाचन करणाऱ्याने विशेष जपावी. त्यांच्या संवादांतील वाक्ये लहान आहेत, श्वासाच्या मापाची आहेत, आणि मोठ्याने वाचून पाहिली असता कोठेही जीभ अडखळत नाही.

तीन कथाकार, तीन कवी

साठच्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावोगावी एक अपूर्व दृश्य दिसू लागले. तीन लेखक व्यासपीठावर येत, हातात पुस्तक नाही, पुढे मेज नाही, आणि आपापल्या छापून आलेल्या कथा ते तोंडाने सांगत. व्यंकटेश माडगूळकर हे आताच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, शंकर पाटील कोल्हापूरकडचे पट्टणकोडोलीचे, आणि द. मा. मिरासदार पंढरपूरच्या बाजूचे. पुढे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईस, पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळी वैजनाथला. परंतु सामान्य माणसाने त्यांना जे प्रेम दिले ते हायस्कुलांच्या पटांगणांवर, गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि साखर कारखान्यांच्या आवारांत.

मिरासदारांचे कथाकथन मी ऐकले आहे. श्रोते हसत असताना ते थांबत, आणि त्या थांबण्यात कसलीही घाई नसे. हशा पूर्ण ओसरून त्याच्या कडेला शांतता दिसू लागली की पुढचे वाक्य येई, तेही अगदी साध्या, गंभीर चेहऱ्याने. शंकर पाटलांच्या कथेत बोलीचा सूर हाच कथेचा प्राण असल्यामुळे ती ऐकताना पुस्तकातील तिचे रूप अर्धेच होते असे वाटे. माडगूळकरांचा पिंड निराळा. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारा हा लेखक चित्रकाराच्या डोळ्याने पाहणारा आणि मोजके बोलणारा; त्याच्या गद्यात जे न सांगितलेले असते ते वाचकाने जपायचे असते, आणि म्हणूनच ते मोठ्याने वाचणे सर्वांत अवघड आहे.

या तिघांच्या ठायी वाचणारा आणि सांगणारा एकरूप झाले होते, कारण ग्रंथ त्यांचा स्वतःचाच होता. मूळ वाक्य बदलण्याचा अधिकार त्यांना होता. एखादा प्रसंग लांबवावा, एखादा गाळावा, याला कोणाची सनद लागत नव्हती.

त्याच सुमारास विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट हे तीन कवी एकत्र काव्यवाचन करीत महाराष्ट्रभर फिरत होते. त्यांपैकी बापट सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडला १९२२ साली जन्मलेले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात मुरलेला शाहिरी आवाज त्यांनी कवितेच्या मंचावर आणला. आणि साताऱ्याजवळच्या मर्ढे गावचे बा. सी. मर्ढेकर, ज्यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा शिक्का दीर्घकाळ बसला होता, त्यांची कविता पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मोठ्याने वाचून लोकांपुढे ठेवली, तेव्हा त्या दुर्बोधतेचा बराचसा भाग डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या घाईत होता असे दिसून आले. कोणत्या शब्दावर थांबावे आणि कोणती ओळ पुढच्या ओळीत सोडावी, एवढे कंठाने ठरविले की अर्थाची अर्धी वाट उजळते.

औदुंबर

पलूस तालुक्यातील औदुंबर हे कृष्णाकाठचे दत्तक्षेत्र. नृसिंहसरस्वतींच्या पादुकांपुढे येथे ‘गुरुचरित्रा’ची पारायणे अखंड चालतात, वाचणारा ओठांतल्या ओठांत वाचतो, त्याला श्रोत्याची अपेक्षा नाही, आणि सात दिवसांचा नेम हाच त्याचा आनंद. याच गावी कवी सुधांशू आणि त्यांच्या स्नेह्यांनी १९३९ साली सदानंद साहित्य मंडळाची स्थापना केली, आणि मकरसंक्रांतीला येथे साहित्य संमेलन भरू लागले. एका खेड्याने इतकी दशके असे संमेलन निष्ठेने चालवावे, ही साधी गोष्ट नव्हे. पारायणाचे गुणगुणणे आणि कवितेचे उच्चरव एकाच गावाच्या हवेत नांदतात, आणि दोहोंना येणाऱ्या माणसांत भेद करता येत नाही.

साताऱ्याकडे भिलार येथे ४ मे २०१७ रोजी शासनाने पुस्तकांचे गाव वसविले. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतील घरांतून ग्रंथांची कपाटे मांडलेली आहेत, आणि ती योजना सर्वस्वी स्तुत्य आहे; परंतु मी तेथे होतो तेवढ्या वेळात सर्व वाचक मूकपणे वाचीत होते. त्या ओसऱ्यांवर संध्याकाळी एक तरी आवाज उठावा, अशी इच्छा मनात आल्यावाचून राहिली नाही.

शाळेतील स्पर्धा

कथाकथन आज सर्वांत जास्त होते ते शाळांत. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन दिवसांच्या आगेमागे स्पर्धांचा सुकाळ असतो. सातारा तालुक्यातील अशी एक स्पर्धा मी सकाळपासून दुपारपर्यंत ऐकली, आणि मन खिन्न झाले. मुले हुशार होती, पाठांतर चोख होते. पण आईचा उल्लेख आला की हुंदका, गरिबीचा आला की कापरा आवाज, पावसाचा आला की दहा बोटे वरून खाली, हे सारे एकाच साच्यातले होते. गुणपत्रकात ‘हावभाव’ हे स्वतंत्र कलम आहे आणि ‘कथेची निवड’ यास त्याहून कमी गुण आहेत, हे पाहिल्यावर दोष मुलांचा नाही हे समजले. जो अभिनय कथेतून उगवलेला नाही तो कथेवर बसतो आणि तिला दाबतो. भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले. कथाकथनात आहार्य जवळजवळ नाहीच, आंगिक जपून वापरावयाचे, आणि सारी मदार वाचिक व सात्त्विक यांवर ठेवावयाची. शिक्षकांच्या प्रशिक्षणात याची काही तरतूद व्हावी असे मला मनापासून वाटते.

तालमीच्या खोलीत

सांगलीच्या गावभागात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, रात्री नऊनंतर काही मंडळी जमतात. बँकेतील कर्मचारी, शिक्षिका, एक वैद्यक व्यवसाय करणारे गृहस्थ, महाविद्यालयातील एक मुलगी. आणि या सर्वांना बसविणारे, सर्व जण ज्यांना सर म्हणतात असे एक वयस्कर दिग्दर्शक. माडगूळकरांची १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ‘बनगरवाडी’ त्यांनी अभिवाचनासाठी घेतली होती. औंध संस्थानच्या मुलखातील एका धनगरवाडीत शाळा चालविण्यासाठी आलेला कोवळा मास्तर, त्याच्याशी हळूहळू नाते जुळणारा म्हातारा कारभारी, रामोशी आनंदा, आणि अखेरीस दुष्काळाने ओसाड झालेली वाडी, एवढ्या ऐवजावर उभी राहिलेली ही कादंबरी संपूर्ण वाचावयाची तर एक रात्र पुरणार नाही. ती दीड तासात बसवायची होती.

पहिले काम कात्रीचे. लेखकाचे वाक्य बदलायचे नाही, आपले वाक्य घालायचे नाही. गाळायचे तेवढे गाळायचे आणि गाळलेल्या जागेचे दोन काठ असे निवडायचे की मधली पोकळी कानाला कळू नये. मग छपाई. कागद जाड, एकाच बाजूला छापलेला, अक्षर मोठे, आणि पान संपते तेथे वाक्यही संपलेच पाहिजे, कारण वाक्याच्या मध्यावर पान सरकविले तर ध्वनिक्षेपक ती सळसळ शेवटच्या रांगेपर्यंत पोचवितो. पाने बांधायची नाहीत. वाचून झालेले पान शेजारी अलगद सरकवायचे. समासात शिसपेन्सिलीच्या खुणा: एक उभी रेघ म्हणजे लहान थांबा, दोन म्हणजे मोठा, शब्दाखाली रेघ म्हणजे तेथे भार. सर म्हणाले, “खुणा पेननं करू नका. तिसऱ्या तालमीला त्यातल्या निम्म्या खोडाव्या लागतात.”

जुन्या लेखकांच्या गद्याची एक अडचण तेथे वारंवार येते. छापलेले असते ‘गेले’, ‘झाले’, ‘पाहिले’. बोलताना होते ‘गेलं’, ‘झालं’, ‘पाहिलं’. निवेदन छापल्याप्रमाणे वाचावे तर ते सरकारी जाहीरनाम्यासारखे वाटते, आणि सरसकट सैल करावे तर लेखकाच्या वाक्यातील ताठ कणा मोडतो. या मंडळींनी संवाद बोलीप्रमाणे व निवेदनातील वर्णने छापल्याप्रमाणे ठेवण्याचे ठरविले. जेथे मास्तर मनाशी बोलतो तेथे मात्र अनुस्वार आणला. चकार-जकारांचे तसेच. लिपीत एकच अक्षर, उच्चार दोन; धनगराच्या तोंडी ते कोठे दंत्य आणि कोठे तालव्य येतात, हे ठरविण्यासाठी त्यांनी आटपाडीच्या बाजारात मेंढ्या घेऊन येणाऱ्या एका माणसाला माडीवर आणून बसविले, चहा दिला आणि सारा कारभारी त्याच्याकडून वाचून नव्हे, बोलून घेतला.

कारभारी वाचणारे डॉक्टर प्रथम फार खोकत. म्हातारपण दाखविण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग. सरांनी खोकला बंद केला, कंप बंद केला, आणि फक्त एवढे सांगितले की हा माणूस प्रत्येक वाक्य बोलण्याआधी समोरच्याला जोखतो. त्या रात्रीपासून कारभारी उभा राहिला.

आणि डोळे! पोथीवाल्या वृद्धाने ज्यासाठी दुसरा माणूस मागितला, ते काम येथे प्रत्येकाने स्वतः करावयाचे असते. वाक्याचा शेवट तोंडातून जात असतानाच नजर खाली उतरते, पुढचे वाक्य उचलते आणि बोलण्यापूर्वी वर येते. मग ते वाक्य कागदाला नव्हे, माणसाला उद्देशून बोलले जाते. “ओळ आधी उचलायची, मग द्यायची,” हे सरांचे शब्द. शिक्षिकेला हे लवकर साधले, कारण वर्गात पुस्तक हाती असताना शेवटच्या बाकावर लक्ष ठेवण्याची तिला सवय आहे. मुलीने सर्व पाठच करून टाकले होते. तिला सरांनी परत कागदाकडे पाहण्यास शिकविले. कागद हातात असूनही पाहायचा नाही, ही श्रोत्यांची फसवणूक आहे असे त्यांचे मत, आणि ते मला पटले. अभिवाचनात ग्रंथ हे एक उपस्थित पात्र आहे. त्याच्याकडे वळून पाहणे हा त्याचा मान आहे.

माणदेशातील प्रयोग

सांगलीतील प्रयोग उत्तम झाला. टाळ्या पडल्या, अभिप्राय लिहिले गेले. परंतु मंडळींची खरी परीक्षा झाली ती आटपाडी तालुक्यातील एका गावी, ग्रामपंचायतीच्या पटांगणात. ध्वनिक्षेपक दोनच चालत होते, समोर बहुसंख्य धनगर समाज, पुढे मुले, कडेला मोटारसायकलींवर बसलेले तरुण. पहिली काही मिनिटे लोक हा काय प्रकार आहे, उठून नाटक का करीत नाहीत, अशा मुद्रेने पाहत होते. कारभाऱ्याचे पहिले संभाषण आले आणि मागून कोणी तरी “हां!” असा हुंकार दिला. त्यानंतर हुंकार थांबले नाहीत. शहरात जेथे हशा आला होता तेथे येथे कोणी हसले नाही, आणि जेथे शहर शांत होते अशा मेंढरांच्या एका साध्या उल्लेखाला येथे मोठी खसखस पिकली. दुष्काळाच्या भागात बायका आपसांत बोलू लागल्या. ते दुर्लक्ष नव्हते, त्या आपापली साले सांगत होत्या. वाचणारी मुलगी क्षणभर गोंधळली, मग तिने थांबा वाढविला, त्यांना बोलू दिले आणि आवाज न चढविता पुढचे वाक्य दिले.

प्रयोग संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ सरळ सरांपाशी आले. मास्तरच्या पुढाकाराने वाडी तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष औंधचे राजे येतात, हा कादंबरीतील एक मोठा भाग. राजेसाहेबांचे आगमन या मंडळींनी ठेवले होते. बांधकामाचा तपशील, श्रोत्यांस कंटाळवाणा होईल म्हणून, बहुतेक सर्व कापला होता. वृद्ध म्हणाले, “राजा आला त्ये बरं झालं. पण तालीम बांधली कुनी, कशी, त्ये का गाळलं? दगडं काय आपसूक आली व्हय?” सरांनी त्यांना पुस्तक दाखविले, गाळलेली पाने उघडली आणि तेथेच, दिवे उतरविणारी माणसे भोवती वावरत असताना, ती वाचून दाखविली. ऐकायला पंधरा-वीस जण पुन्हा बसले.

परतीच्या गाडीतच संहितेची फेरतपासणी सुरू झाली. बांधकामाची ती पाने पुन्हा घ्यायची, त्यासाठी सुरुवातीचे संगीत पूर्ण काढायचे आणि कारभाऱ्याचे एक संभाषण कमी करायचे, असे ठरले. डॉक्टरांनी आपले संभाषण जाते म्हणून थोडी कुरकुर केली, आणि मग स्वतःच शिसपेन्सिल काढून त्यावर रेघ ओढली.